चाकाला ऐकू येतं ते

निंगाप्पा हुक्केरीनं रुग्णवाहिका शेडमध्ये उलटी घेतली
तेव्हा मागचं दार उघडंच होतं,
स्ट्रेचरच्या पट्ट्यात हिरवी काचेची बांगडी अडकलेली,
अर्धी.
"वळणावर पेशंट ओरडतंय बाई," तो म्हणाला,
"आणि खड्ड्यात मी."

उद्यमबागेत दिवसभर फाउंड्रीची काळी वाळू उडते.
व्हर्नियर ओढणीला पुसून मी खाली बसले.
स्प्रिंग निघाली ती कणकुंबीच्या लाल चिखलासकट.
त्यानं वेढे मोजले : वंदु, यरडु, मूरु…
आठ भरले.
माझे सहा.
घोळ भाषेचा नव्हता.
वरचा एक आणि खालचा एक टेकून बसलेले,
आणि बसलेल्यांना गणितात धरत नाहीत.
"मग आमच्या पंचायतीत किती उरतील हो?"

तार बारा मिलिमीटर, वेढ्याचा व्यास एकशे दहा.
जाडीचा चौथा घात वर,
व्यासाचा घन खाली, त्याला आठानं गुणायचं, मग सहानं.
पोलादाचा आकडा एकोणऐंशी हजार तीनशे,
पॉलिटेक्निकचा हजेरी नंबर विसरले, हा नाही.
उत्तर पंचवीस आणि वर थोडं.
पण स्प्रिंग चाकावर बसत नाही,
आडव्या हातावर बसते, दहातल्या सातव्या जागी,
आणि सात साते एकोणपन्नास,
शंभरातले.
स्प्रिंग पंचवीस बोलते,
चाकाला साडेबाराच ऐकू येतात.

"जाड तार घाला की मग."
बाराची साडेबारा केली तर पंचवीसचे तीस होतात.
अर्धा मिलिमीटर, नखाच्या जाडीएवढा.
तिसावर खड्डा सरळ मणक्यात जातो,
मणक्यातून पोटात,
आणि तुझ्या गाडीत पोटाला नववा महिना असतो, निंगाप्पा.

पिरनवाडीच्या कोपऱ्यावर गॅसकटरनं वेढा कापून देतात.
आखूड झाली म्हणजे नरम झाली, असं वाटतं लोकांना.
कापल्यावर ती ताठ होते.

स्प्रिंग तीच ठेवली. दांडा बदलला,
डाव्या-उजव्याला खालून बांधणारा, सतराचा होता,
एकोणीसचा घातला. दीडपटीहून थोडा वर.
त्याचं असं आहे :
दोन्ही चाकं एकदम चढली तर तो काहीच करत नाही,
रबरात नुसता फिरतो.
एक चढलं, एक राहिलं, की पिळतो.
चढलेल्याला दाबतो, राहिलेल्याला उचलतो.
आणि मग एकाचा खड्डा दुसऱ्यालाही कळतो, थोडा.
"म्हणजे फुकट नाही."
पान्याचं तेल मी कागदाला पुसलं,
आकड्यांवरच.

शनिवारी जांबोटीच्या पुढे चाचणी.
स्ट्रेचरवर मी.
पट्टे त्यानं मान दुसरीकडे वळवून बांधले.
मागच्या काचेतून झाडं जात होती, पाट्या जात होत्या,
कुठली कुठल्या लिपीत
पाठीवर पडलेल्या माणसाला कळत नाही.
पहिलं वळण. अंग डावीकडे निघालं
आणि मध्येच थांबलं. दुसरंही तसंच.
तिसऱ्याला त्यानं आरशात पाहिलं,
माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे,
मूठ आवळली का म्हणून.
आवळली नव्हती.
खांद्याखाली काहीतरी टोचत होतं,
बांगडीचा दुसरा तुकडा.

मग मोरीजवळ डावं चाक खड्ड्यात गेलं
आणि उजव्या बाजूनं कुणीतरी
कुशीत कोपर मारावं तसं झालं.
ओरडले असेन.
त्यानं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं.
बाहेर कुठं तरी पाण्याचा पंप चालू होता.

"अठरा," मी म्हटलं.
"काय?"
"दांडा. अठराचा घालू. सव्वापट पुरे."
त्यानं पट्टे सोडले नाहीत.
"तसंच पडा," म्हणाला, "परतीचा रस्ता आणि खराब आहे,
तोही मोजा."