बुटांचं माप

मी काउंटरवर बूट देतो.
माणसं आपले बूट काढून माझ्याकडे ठेवतात,
बर्फाचं पाणी गळणारे, रस्त्यावरचं मीठ चढलेले,
आणि मी त्यांना देतो दोन रंगांचे, गुळगुळीत तळाचे,
टाचेवर आकडा लिहिलेले.
एकोणीस वर्षं हेच. या गावात
चेहऱ्याआधी मला पावलं ओळखू येतात.

आज मार्चचा दुसरा शनिवार.
ईरी सरोवरावरून येणारा बर्फ थांबायचं नाव घेत नाही,
तरी बाराच्या बारा लेन भरल्यात.
निळे शर्ट. निळे फुगे. केकसुद्धा निळा,
खाऊन सगळ्यांच्या जिभा दौतीत बुडवल्यासारख्या.
दाराशी डेल्फीन व्रोबेल टेबल मांडून बसलीय:
पैशांचा डबा, पावतीपुस्तक,
आणि तपासणीची पाकिटं, पंजाएवढी, पांढरी.
लोक त्यांच्याकडे बघतात
आणि केककडे वळतात.

तिचा कॅसिमिर दर गुरुवारी सातव्या लेनवर असायचा.
माप साडेअकरा, डावा पाय जरा रुंद.
बॉल सोडताना गुडघा असा वाकवायचा
की चर्चमध्ये आलोय असं वाटावं.
गेल्याच्या मागच्या हिवाळ्यात तो मध्येच उठून जायला लागला.
परत यायचा तेव्हा तोंड धुतलेलं असायचं.
आम्ही म्हणायचो, बिअर झेपत नाही आता, म्हातारा झालास.
तोही हसायचा.
रक्त पडतंय हे कुणालाच बोलला नाही.
पोटातली गोष्ट पोटातच ठेवली.
बोलायची पद्धत म्हणून नव्हे.
अगदी तिथेच.

एका पिनेमागे एक डॉलर, बेकरीवाल्यानं कबूल केलंय.
फादर ग्राबोव्स्कींचा प्रत्येक बॉल गटरमध्ये जातो
आणि बेकरीवाला देवाचे आभार मानतो.

मग माइकवर डेल्फीन.
जी बाई चाळीस वर्षं
‘बाथरूम’ म्हणतानाही आवाज खाली करायची,
ती साऱ्या गावासमोर म्हणते, शौच.
म्हणते, मोठं आतडं.
म्हणते, उठलात की वळून बघा, रंग बघा,
लाज वाटली तर माझं नाव घ्या.
शेवटच्या लेनवर हायस्कूलची पोरं फिदीफिदी हसतात.
हसा, ती म्हणते, पण बघा.
स्पीकर खरखरतो, आणि कुणाचा तरी बॉल
भलत्याच वेळी सुटून दहाच्या दहा पिना पाडतो.
टाळ्या कुणाला, कळत नाही.

इमोजीन टेरेल उठते.
ऑगस्टात पोट उघडलं होतं तिचं, शर्टाखाली पिशवी आहे,
ती हातानं चाचपून घेते, जशी आपण किल्ली चाचपतो.
पोरांचा सहा पौंडांचा बॉल दोन्ही हातांनी ढकलते.
तो इतका सावकाश जातो
की मी हातातला बूट खाली ठेवतो.
मध्ये एकदा थांबलाच वाटतं.
तीन पिना पडतात. चौथी डुलते,
डुलत राहते, उभीच राहते.
‘हलकट!’ इमोजीन तिला म्हणते, आणि बसते.

नऊला गर्दी ओसरली तेव्हा डेल्फीन काउंटरशी आली.
साडेसहा, मी म्हटलं.
खेळायला नाही आले, ती म्हणाली. तुझं वय?
एकोणीस वर्षं मी लोकांना माप विचारतोय,
मला कुणी विचारलं नव्हतं.
त्रेपन्न.
तिनं मान डोलावली, चष्म्यावरून आकडा खरा करून घेतल्यासारखी,
आणि पाकीट माझ्याकडे सरकवलं,
मी बूट सरकवतो तसंच, उलटं करून.
बघू, मी म्हटलं.
तिनं काही उत्तर दिलं नाही. डबा काखेत मारला, गेली.

मग बुटांवर फवारा. एकेक जोड आपापल्या खणात.
साडेअकराच्या खणातला जोड दोन वर्षं कुणी मागितला नाही,
आतून मऊ, डावीकडे फुगलेला.
त्याच्यावर पाकीट ठेवलं आणि दिवे घालवले.
दारापर्यंत गेलो.
परत आलो, एक दिवा लावला.

बाहेर गाडीवर वीतभर बर्फ.
खरवडताना कोटाच्या खिशात
पुठ्ठ्याचा कोपरा टोचत राहिला.