मापाला चप्पल

रात्री अकरानंतर फोटो येतात.
बहुतेक हललेले.
कोपऱ्यात केरसुणी, मापाला ठेवलेली चप्पल,
आणि मधोमध एक काळसर रेघ
जिला नाव मी द्यायचं असतं.

मुलुंडहून : मण्यार का हो? बाथरूममध्ये निघालाय.
पट्टे मानेपासूनच, शेपटीकडे विरत गेलेले.
कवड्या. बिनविषारी. पालींच्या मागावर आलाय.
मण्यारीचं उलटं : मान कोरी,
आणि जोडीजोडीने पट्टे शेपटीकडे ठसठशीत.
एवढं लिहायला मला मिनिटभर लागतं.
तेवढा वेळ तिकडे कुणीतरी स्टुलावर उभं.

गोराईच्या ब्रिजेट ग्रेशसबाईंचा साप
हा वॉशिंग मशिनचा पट्टा निघाला.
तरी म्हणाल्या, हलला होता, देवाशप्पथ.
मी वाद घातला नाही.
अंधारात मीही पट्टे हलताना पाहिलेत.

भांडुपच्या पंपहाउसवरून अंबादास लोखंडे, वॉचमन.
याचा फोटो मात्र स्वच्छ.
हलत नसलेला साप नीटच येतो.
डोक्याच्या जागी वीट.
खाली : विषारीच होता ना?
प्रश्नचिन्ह होतं, पण तो विचारत नव्हता,
मागत होता.

घोणशीची साखळी शोधली, अगदी मनापासून.
तीन सरळ रांगा, कडा काळ्या. नव्हती.
डाग ओबडधोबड, एकमेकांत घुसलेले,
ओल धरलेल्या भिंतीसारखे.
अजगर. पिल्लू. याच पावसाळ्यातलं.

'बिनविषारी' लिहिलं. खोडलं.
मागच्या एका फोटोत, बेडकाच्या मागे,
त्याची रांगती मुलगी होती, एका पायात पैंजण.
'घोणस' लिहून पाहिलं.
किती सोपं होतं, तीनच अक्षरं,
त्याला झोप लागली असती.
शेवटी पाठवलं : अजगराचं पिल्लू. पुढच्या वेळी आधी फोन करा.

दोन निळ्या खुणा.
मग काही नाही. आठ दिवस.

काल त्याच्याकडून चौदा सेकंदांचा आवाज आला.
पंप घरघरतोय, कुणी पोर उचकी देतंय,
आणि पाण्याच्या खड्ड्यातून
कुणीतरी बांगडीवर बांगडी आपटावी तसं
टिक. टिक टिक. टिक.
खाली : हा कोण?

पाचदा ऐकलं. कानाला लावून, उशीत धरून.
माझ्याकडच्या एकाही बेडकाशी जुळेना.
लिहिलं : माहीत नाही.
पुन्हा पाठवा.
जरा जवळ बसून.