तीन पावलं

घोडीचं नाव साखर. पांढरी होती म्हणून ठेवलं,
त्यात माझा काय दोष?
दोंडाईच्याहून गिरासे डॉक्टर आले,
मानेवरचा उंचवटा चिमटीत धरून म्हणाले,
ही ताकद नाही बाई, चरबी आहे.
मग पुढच्या खुरावर तळहात टेकला
आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला,
आई तव्याची आच बघते तसा.
"तापलेत. गवत बंद करा."

गवत बंद!
सारंगखेड्याला बॅरेज झाल्यापासून
तापीचं पाणी आमच्या बांधाला उशी करून झोपतं,
चैत्रातसुद्धा हरळी ओली.
हिच्या पणजीला आज्याने
दोन मुक्काम करत तोरणमाळ चढवलं होतं
पेंढीभर चाऱ्यासाठी.
आणि मी आता बांबू रोवायचे,
गवत राखायला नाही,
घोडीला गवतापासून राखायला.

झटका मशीन होतं घरात, रानडुकरांसाठीचं.
नाही लावलं.
पंधरा वर्षं वरातीच्या दिव्यांत चालली ती,
आणखी वीज कशाला?
सुती लुगड्याच्या पट्ट्या पिळून दोर केला,
रोज पहाटे दोर तीन पावलं पुढे.
उन्हं चढली की पात्यात गोडवा चढतो म्हणे,
म्हणून नऊच्या आत बाहेर,
मुरमाच्या वाटेवर.
या टोकाला पाणी, त्या टोकाला वाळला पवन्या,
तोही रात्रभर टाकीत बुडवलेला.
सकाळी ओतलेलं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं.
खाण्यासाठी चाल, पिण्यासाठी चाल.
बापाच्या मळणीच्या बैलाचं मुसकं माळ्यावर होतं,
त्याला दोन बोटांचं भोक पाडलं,
एका घासाला तेवढीच शेंडी येते.
पहिल्या दिवशी तिने माझ्याकडे असं बघितलं
की मी जेवले नाही.

उखर्डू आबा बांधावर थांबले.
"घोडीले गवत दखाडस
आनि खाऊ देत नही? पाप लागी."
काय सांगू? या मातीत
भुकेचं औषध सगळ्यांना पाठ आहे,
भरल्या पोटाचं कुणालाच नाही.

मुनीर टेलरची टेप पोटाला पुरली नाही,
दोन टेपा जोडून मोजलं.
पहिला महिना, कमी काहीच नाही.
दुसरा, उलट बोटभर जास्त.
आईवर संशय घेतला.
दारात आलेल्या कुणाला तिने
गुळाच्या खड्याशिवाय जाऊ दिलंय?
डबा कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली,
ती काही बोलली नाही.
कळण्याची भाकरी थापत राहिली.

एकदा साडेतीनला जाग आली,
तिची वाकळ रिकामी.
बॅटरी न लावता गेले,
चोर पकडायला जावं तशी.

दोराजवळ आई वाकलेली.
एक हात साखरच्या खुरावर,
दुसऱ्या हाताने
मी कालच रोवलेली खुंटी उपटत होती.
दोर मागे घेत होती ती.
मागे.
एक पाऊल, मग अर्धं.
मला पाहून दचकली नाही,
खुंटीवर दगड ठोकत म्हणाली,
"तुना पाय लांब पडस व माय.
रोज थोडा थोडा लांब पडस."

मी खाली बघितलं.
माझ्या चपलांचे ठसे दवात होते,
तीनच होते, पण केवढ्या ढांगांचे!

त्या दिवसापासून दोर आई हलवते.
गुडघे दुखतात, पाऊल वीतभरच पुढे जातं,
टाच, मग चवडा,
सुपडाबाईची तीन पावलं.
साखर तेवढं खाते, अगदी दोरापर्यंत,
अलीकडे चटईसारखं, पलीकडे गुडघाभर,
आणि मुसक्यातून पलीकडचा वास घेत उभी राहते.

टेप परवा एका बोटाने सैल झाली.
गुळाच्या डब्याची किल्ली
आता आईनेच मागून घेतली आहे,
म्हणते, तुझ्याजवळ नको.