थकबाकी

टोलीडोच्या कचेरीत तिसऱ्या खिडकीपाशी ट्वायला उभी.
केस नंबर दहा आकडी,
मुलाच्या जन्मतारखेइतका पाठ.

खिडकीतली बाई म्हणते, कागद वायोमिंगला गेलेत.
मागच्या खेपेला नेब्रास्काला गेले होते.
रॉइस पुढे, कागद मागे,
आणि कागदाला रात्री गाडी हाकता येत नाही.

"सध्या कामाला कुठं आहे तो?"
तिला कसं ठाऊक असणार?
तिला ठाऊक आहे तो अंडं एका हातानं कसं फोडतो,
झोपेत कुठल्या कुशीवर वळतो.
फॉर्मवर त्याला रकाना नाही.

कोर्टानं ठरवलेले महिना तीनशे बारा डॉलर.
एकोणीस महिने झाले.
गुणाकार कचेरीनं करावा,
ती बुटांत मोजते:
पहिला हप्ता चुकला तेव्हा एमेटला दोन नंबर लागायचा,
आता पाच,
आणि त्यातही अंगठा पुढं टेकायला लागलाय.

मार्चात पाकीट आलं.
रॉइसच्या टॅक्सचा परतावा सरकारनं वाटेतच धरला होता:
एक्केचाळीस डॉलर, सतरा सेंट.
चेकवर कुणा अधिकाऱ्याची छापील सही.

एमेटनं विचारलं, "डॅडनं पाठवले?"
ती भांडी घासत होती.
नळ जरा मोठा सोडला.
"त्याचेच आहेत," म्हणाली.
खोटं नव्हतं ते,
तरी बराच वेळ
तोच एक तवा घासत राहिली.