दोन बोटं सावली

वालूरच्या शाळेच्या गच्चीवर
सहा काळ्या काचा, दक्षिणेकडं तोंड करून.
जवळ गेलं की दिसतात उभ्या रेघा,
सुईनं ओढल्यासारख्या.
दोन रेघांमधली पट्टी करंगळीहून बारीक.

"नवीनच आहेत हो मॅडम," घोणसीकर सर म्हणाले,
"पण डिजिटल वर्ग बंद पडतो. रोज. बाराला."

मी काचेशी नाक नेलं.
चौथ्या काचेत किडा होता.
किडा नव्हे, किड्याची वाट:
वळत, अडखळत, पट्टीतल्या पट्टीत,
ज्वारीच्या ताटात खोडकिडा फिरावा तशी,
राखाडी, आतून भाजलेली.

मागं वळले. कठड्याला
झेंड्याचा पाइप. जानेवारीत बसवलेला.
वर्षातून दोनदा लागणारा,
सावली मात्र रोज पाडणारा.
सकाळी ती तिरपी पडते,
सगळ्या पट्ट्यांचं थोडं थोडं घेते,
कुणाला कळतही नाही.
बाराला सरळ होते
आणि एकाच पट्टीवर झोपते,
डोक्यापासून पायापर्यंत.

टँकर आल्यावर हंड्यांची साखळी लागते ना, सर,
या हातातून त्या हातात?
मधल्या एकीला डुलकी लागली
तर बाकीच्या थांबत नाहीत.
हंडे येतच राहतात,
तिच्याच अंगावर फुटतात.
ऊन मिळालं नाही म्हणून नाही जळत ती पट्टी.
शेजारणींना भरपूर मिळालं, म्हणून जळते.

"डायोड बसवलाय की त्यात."
बसवलाय. पुऱ्या काचेला एक.
मुकादमाला कुठं दिसते एकीची डुलकी.

सातवीतली तबस्सुम मागंच उभी होती:
"सावली तर सरकली आता.
मग किडा कामून जाईना?"
पिशवीत मीटर होता, पक्कड होती,
चिकटपट्टीचा अर्धा गुंडाळा.

पाइप हलवायला ठराव लागेल, सर म्हणाले.
समितीची बैठक शनिवारी.
तोवर ही काच सोडवते, म्हटलं,
पण आधी झाका. पुरी. अर्धी नको.

प्रार्थनेची सतरंजी आली.
तबस्सुमनं एक टोक धरलं,
बाजूनं ओढायला निघाली,
मधेच थांबली,
काचेतल्या रेघा एकदा बघितल्या
आणि वरच्या कडेला गेली.
वरून खाली,
सगळ्या पट्ट्यांवर एकदम.

मी दोन पावलं मागं सरले.
माझीही सावली तेव्हा उभीच पडत होती.