वजनकाटा, इतवारी

सराफा ओळीच्या तोंडाशी निखारेंचं वजनकाट्यांचं दुकान.
टीव्हीवर युद्ध, खालच्या पट्टीत टॅरिफ,
आणि सुटातला कुणी सांगतोय: जुनं जग संपलं.

नातू म्हणतो, बरोबर आहे त्याचं, आबाजी.

"असन बाप्पा. दोरी बदल, पारडं बदल,
म्या सोता तीनदा बदलले.
पण माल कमी भरते
म्हणून किलोच घासला,
त उद्या तुले उधार कोण देईन?"

मग गप्प. वजनाच्या पोटात
शिशाचा तुकडा ठोकत बसतात.
गुरुवारी निरीक्षक येणार, शिक्का मारायला.

बाहेर सेहेचाळीस डिग्री.
टीव्हीवर चौघं एकदम ओरडतायत. ओरडू देतात.
उठून कूलर तेवढा बंद करतात आबाजी:
वाऱ्यानं काटा हलतो.