ओढ

पोर्टाडाउनच्या हत्यारांच्या दुकानात
मी सगळ्यात लांब करवत उचलली.
यूननकाकांनी ती पुन्हा खिळ्याला अडकवली.
"झाड केवढं ते नको बघूस.
दोन फांद्यांमध्ये तुझा हात केवढा शिरतो, ते बघ."

शेवटी घेतली ती दीड वीत पात्याची, किंचित बाकदार,
दात विरळ, आणि सगळे मुठीकडे तोंड करून.
"ओल्या लाकडाला विरळच बरे, भुसा अडकत नाही.
आणि हिला ढकलायचं नाही, ग्रोन्या.
जाते ती नुसतीच जाते. कापते ती परत येताना.
हिचं सगळं काम ओढीवर."

जानेवारी.
लॉख नेयवरून येणाऱ्या वाऱ्याला
मफलर म्हणजे काय ते ठाऊक नाही.
ब्रॅमलीची झाडं पानं टाकून उभी,
प्रत्येकाची हाडं मोजता येतील अशी.

पहिला धडा हाताचा,
पण करवत धरलेल्या हाताचा नाही. दुसऱ्या.
"सापडतो तोच. फांदी धरायला पुढे धावतो
आणि नेमका दातांच्या वाटेत बसतो."
जाड हातमोजा आधी त्याला.
डोळ्यांना चष्मा, कारण भुसा वरून पडतो
आणि विचारून पडत नाही.
शिडीवरून पोचत नसेल तर अंग ताणायचं नाही,
खाली उतरायचं, शिडी हलवायची, पुन्हा चढायचं.
मी त्या दिवशी बावीस वेळा उतरले. ते मोजत होते.
बसल्या फांदीला करवत लावणारे
फक्त म्हणीत असतात असं मला वाटायचं;
काकांना तसा एक माणूस माहीत होता, रिचहिलचा,
नंतर तो टपाल वाटायचा, लंगडत.

मग फांदी.
मनगटाहून जाड असेल तर एका दमात उतरवायची नाही.
बुंध्यापासून हातभर लांब, आधी खालून,
जाडीचा तिसरा हिस्सा.
मग जरा पुढे सरकून वरून.
ती आपल्याच वजनाने मोडते,
साल सोलत बुंध्यापर्यंत येत नाही.
उरतो खुंट. तो सगळ्यात शेवटी,
जिथे फांदीच्या मुळाशी साल वळी धरते
त्या वळीच्या अगदी बाहेरून.
वळीला दात लागू द्यायचे नाहीत.
"जखम भरून काढणं झाडाला येत नाही," काका म्हणाले,
"ते नुसत्या कडा ओढून घेतं.
तेवढ्यापुरती कड ठेव त्याला."

दोन झाडांच्या मधे पातं स्पिरिटने पुसायचं,
एकाचा कँकर दुसऱ्याला पोचवायचा नाही.
चढताना करवत म्यानात. काखेत नाही.

चौथ्या रांगेच्या टोकाला मला तो दिसला:
वीतभर खुंट, कुजून पोकळ,
भोवताली साल गोल येऊन थांबलेली,
न बोलावलेल्या पाहुण्यासारखी, दारातच.
हा असा कुणी सोडला?
काकांनी नाक पुसलं.
"मी. अठ्ठ्याऐंशी साली.
पाऊस होता, संध्याकाळी मॅच होती,
करवत बोथट होती, आणि मी ढकलत होतो."

मी शिडी लावली. पातं टेकवलं.
आत काहीतरी खरखरलं.
निळ्या डोक्याची, अंगठ्याएवढी टिट बाहेर आली,
आधी करवतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि पुन्हा आत गेली.

"राहू दे," काका खालून म्हणाले.
शिडी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.
मग जरा वेळाने,
"तू मात्र असले सोडू नकोस."

रात्री चहाचा कप उचलताना
उजव्या खांद्यात एक दुखणं जागं झालं,
हात मागे घेताना.
पुढे नेताना काहीच दुखत नव्हतं.